साडेअकरा आटे

ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी, बाणेरला, सातव्या मजल्यावर
सुश्रुत सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला
आणि आत काहीच लिहिलं नाही.
म्हणाले, हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास.
काय करायचं ते ह्यात असतं,
कसं करायचं ते नसतं.
ह्याचा ऑब्जेक्ट होत नाही.
शेजारच्या मुलीने वहीत तसंच्या तसं उतरवलं.
मी चौकोनाकडे बघत बसले.
मला तिथे डांबरातलं लोखंडी झाकण दिसत होतं,
पर्वती पायथ्याच्या आमच्या चौकातलं,
आणि पहाटे पावणेपाचला त्यावर वाकलेले अण्णा.

अण्णा महापालिकेत चावीवाले.
छातीइतकी उंच, आडव्या मुठीची चावी,
सायकलच्या दांडीला सुतळीने बांधलेली.
गल्लीला अण्णा माहीत नव्हते,
गल्लीला पाच वाजता माहीत होते.
हिराबाई लोणकर तोटीखाली हंडा लावायच्या,
म्हणायच्या, पाणी आलं.
आलं.
जणू खडकवासल्याहून स्वतःच्या पायांनी.
एखाद्या दिवशी नाही आलं, तरच
त्या वाक्यात माणूस यायचा:
सोडलं नाही वाटतं मेल्याने.

त्या रात्री सरावाला मी एक क्लास लिहिला.
नाव दिलं पाणीपुरवठा.
आत एकच मेथड, सोड,
पुढे रिकामा कंस आणि अर्धविराम.
मग मुद्दाम त्याचा ऑब्जेक्ट करून पाहिला.
कंपायलर नाही म्हणाला.
खरंच आहे त्याचं.
पाणीपुरवठा कुणी कधी प्यायलंय?
पितात ते नळाचं, टँकरचं,
फार तर शेजारणीकडून मागून आणलेलं कळशीभर.

मार्चअखेर अण्णा रिटायर झाले.
श्रीफळ, शाल, भिंतीवरचं एक घड्याळ.
चावी अझीम तांबोळीच्या हातात गेली.
एक एप्रिलला पाच वाजता पाणी आलं.
हिराबाईंनी हंडा लावला.
गल्लीत कुणाला काही बदलावं लागलं नाही,
एक बादलीसुद्धा इकडची तिकडे नाही.
सर असते तर म्हणाले असते, बघा, हेच ते.

अण्णा मोरीत उकिडवे बसले होते, नळाला कान लावून.
हा एका दमात उघडतोय, म्हणाले.
ऐक, पाइप खोकतोय.
आधी दोन आटे. मग थांबायचं.
हवेला जाऊ द्यायचं.
मग बाकीचे, सावकाश. एकूण साडेअकरा.
बारावा घेतला की वरच्या आळीला करंगळीएवढी धार.
हे कुठं लिहिलंय, मी विचारलं.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काहीतरी गळलेली बाई आहे.

तेव्हा बनियनमधून त्यांचा उजवा खांदा दिसला.
डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली.
हे कधीपासून?
असंच, म्हणाले, आणि टॉवेल टाकला त्यावर.

बावीस वर्षं मी हाक मारत आले.
अण्णा, फी.
अण्णा, वह्या.
अण्णा, सगळ्या मुलींकडे लॅपटॉप आहे.
आणि पैसे यायचे.
हो, मीही यायचे असंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला अंथरूण रिकामं.
खिडकीतून पाहिलं तर चौकात दोघं वाकलेले.
अझीमच्या हातात चावी, अण्णांचे हात पाठीमागे,
एकमेकांना घट्ट धरून ठेवलेले.
मी मोजलं. एक. दोन.
मग दोघंही सरळ झाले
आणि नुसते उभे राहिले.
अझीमने खिशातून तंबाखू काढला,
अण्णांनी नको म्हणून मान हलवली,
मग चिमूटभर घेतला.

नळ खोकला नाही.
हिराबाई हंड्याशी ताटकळत होत्या.
मला म्हणाल्या, आज उशिरा आलं गं पाणी.