नदीपलीकडचे दिवस

ग्रंथालयाच्या तळघरात, फेब्रुवारी ते एप्रिल,
मंगळवारी आणि शनिवारी मी लोकांचे कर भरून देतो, फुकट.
त्याआधी तीस वर्षं मोजणीदार होतो.
खुंट्या ठोकल्या, साखळ्या ओढल्या,
कुंपणावरून पेटलेले शेजारी फूटभरात विझवले.
फक्त कोलंबिया नदीत कधी खुंटी ठोकता आली नाही.
तिथे दोन राज्यांची हद्द पाण्यातून जाते,
आणि पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
ही टिकते. वर्षाच्या वर्षाला बिल पाठवते.

अलीकडे वॉशिंग्टन, पगारावर कर नाही.
पलीकडे ऑरेगन, खरेदीवर कर नाही.
म्हणून इथला माणूस राहतो इकडे,
फ्रिज आणतो तिकडून,
आणि पुलावर हसू दाबत घरी येतो.
पण नोकरी तिकडे असली
की शेकडा पावणेनऊपर्यंत तिकडेच ठेवून यावे लागतात.

लॉरेटा टिबिट्स शेवटच्या नंबरला आली.
पोर्टलंडच्या इस्पितळात, बिलांच्या खात्यात,
आजारांना आकडे द्यायचं काम.
मांडीवर वही, रबर लावलेली,
रोजच्या तारखेपुढे एकच अक्षर:
प म्हणजे पलीकडे, घ म्हणजे घरून.
इतकी चोख वही मी माझ्या खात्यातसुद्धा पाहिली नव्हती.

मोजलं. प एकशे एकतीस, घ सत्त्याहत्तर.
घरून केलेलं काम ऑरेगनचं नाही, म्हणालो,
मालकानं मात्र सगळ्याच पगारावर कापलंय.
परत मिळतील पैसे. बरेच.
तिनं मान हलवली, जशी आपण
वाण्यानं सुटे दिले की हलवतो.

'आणि हे?'
एप्रिल ते जून, एक्केचाळीस तारखा.
पुढे अक्षर नाही, नुसता ठिपका.

व्हर्न, तिचा नवरा. तिच्याच इस्पितळात, सातवा मजला.
त्याच्या आजाराचा आकडा तिला तोंडपाठ होता.
ती सकाळी पूल ओलांडायची, नेहमीच्याच वेळेला,
नेहमीच्याच जागी गाडी लावायची
आणि लिफ्टमध्ये दुसरं बटण दाबायची.

रजा होती ना, मी विचारलं.
होती.
मग हे दिवस वरूनही वजा, खालूनही वजा.
म्हणजे?
म्हणजे अपूर्णांकात ते कुठेच येत नाहीत.
ना अंशात, ना छेदात.
तुमच्या फायद्याचंच आहे, असंही म्हणालो,
आणि जीभ चावली.

'पण मी होते तिथे,' ती म्हणाली.
'कामाच्या दिवशी आठ तास असायचे.
या दिवसांत चौदा-चौदा तास होते.
ऑरेगनला ते नकोत?'

मी पुन्हा एकदा सगळा नमुना चाळला,
उगाच, पान उलटण्याचा आवाज व्हावा म्हणून.
राहिलात कुठे, कमावलंत कुठे,
एवढंच विचारतात.

वही मिटता मिटता थांबली.
'सोळा जूनला रात्री फोन आला, लगेच या.
निघाले, आणि पूल उचललेला.
खालून ओंडक्यांचा पडाव चाललेला, सावकाश.
माझ्यापुढे एक बर्फाचा ट्रक, त्यापुढे तांबडा दिवा,
त्यापुढे रस्ताच उभा, भिंतीसारखा.
वीस मिनिटं.
तेवढ्यात तो गेला.
तुम्ही मोजणीदार होतात ना?
मी तेव्हा कुठल्या राज्यात होते?'

मला सांगता आलं असतं.
ट्रक कुठल्या खांबापाशी होता एवढं विचारून
फुटाफुटानं सांगता आलं असतं.
त्या खांबांचे आकडे माझ्याच हातचे आहेत.

सही इथे करा, मी म्हणालो.
तारीख तिनं घातली,
आणि सवयीनं
तिच्यापुढे प.