मुळ्ळू

कुंभारीकडं आज जिथं घरकुलांच्या रांगा आहेत
तिथं तेव्हा नुसता माळ होता,
आणि माळावर एक बोर, रानटी, कुणाचीच नसलेली.
निंगव्वा तिला सून म्हणायची.
"जवळ गेलीस तर ओरबाडंल.
पर वटी रिकामी न्हाई पाठवायची."

मी नऊ वर्षांची. अम्मा मांडीवर सूप घेऊन
हजार विड्यांचा हिशेब बोटांनी वळत बसलेली.
मला निंगव्वाबरोबर धाडायची
गड्ड्याच्या जत्रेआधी, बोरं वेचायला.
चार मापांमागं एक माझं.

पहिल्याच दिवशी चप्पल भेदून काटा टाचेत मोडला.
निंगव्वानं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला,
बाभळीचा काटा तोडून त्याचं टोक जिभेला लावून बघितलं,
आणि कोरत राहिली,
अम्मा तेंदूच्या पानाची शीर काढते तशी, न फाडता.
वर रुईचा चीक.
आमच्यात मुल्लू म्हणतात, मी हुंदका गिळत सांगितलं.
"आमच्यात मुळ्ळू. साळंत काय म्हणत्यात?"
काटा.
"हं. त्यो ऐकूनच टोचतोय."

त्याच बोरीत, कोपरापर्यंत हात घातला तरी पोचणार नाही
इतक्या आत, होल्याचं घरटं होतं.
घरटं कसलं, पंधरा-वीस काड्या,
खालून अंडी दिसावीत इतक्या विरळ.
मग एका सकाळी दोन पिल्लं,
पिवळ्या लवेची, चोच सोडली तर नुसती पोटं.

आणि उगवतीकडच्या फांदीवर
खाटीक पाखरानं टोचून ठेवलेला नाकतोडा,
शेजारी सरड्याचं पोर, मानेतून काटा आरपार,
वाऱ्यानं शेपूट हलायचं म्हणून जिवंत वाटणारं.
मी थुंकले.
"त्याची बी पिल्लं असत्याल कुटंतरी," निंगव्वा म्हणाली,
"त्येला कुटलं आलं फडताळ?"

मला होल्याच्या पिल्लांची दया आली.
आई आत शिरताना तिचे पंख फाटत असतील,
झोपेत कूस बदलली तर टोचत असेल,
असं रात्रभर.
दुपारी अम्माची पानं कापायची कात्री उचलली
आणि एकटीनं जाऊन
बोरीत दार पाडलं. हातभर रुंद.
ऊन थेट पिल्लांवर पडलं.
हातावर चौदा ओरखडे. मोजले, गल्लीभर मिरवले.

दुसऱ्या दिवशी काड्या होत्या.
एक पीस होतं.
कावळा की मुंगूस, कोण ते,
माझ्या दारानं आलं, माझ्या दारानं गेलं.
होला तारेवर बसून घुमत होता, रोजच्यासारखाच,
आणि ते रोजच्यासारखं असणंच मला ऐकवेना.

निंगव्वानं छाटलेल्या फांद्या बघितल्या.
मग माझे हात.
वाटलं, आता मारणार.
तिनं फांद्या गोळा केल्या, उघड्या पंजांनी,
आणि एकेक करून त्या दारात परत कोंबल्या,
रिकाम्या घरट्यापुढं.
आता कशाला, मी विचारलं.
ती कामात होती.
संध्याकाळी चारही मापं माझ्याच ओट्यात ओतली.
मला एकही बोर नको होतं.

धाकटी माझी नांदणं सोडून आलीय. आज पाचवा दिवस.
विचारलं की फणकारते, हात लावला की झटकते,
मागच्या खोलीची कडी आतून.
शेजारणी साखर मागायला येतात, एका दिवसात तिघी.
मी उंबऱ्यात सूप घेऊन बसते
आणि त्यांच्याशी असं बोलते
की चौथी आली नाही.

जावई फोनवर म्हणतो, तुम्हीच तिला मोकळं करा, बोलतं करा.
हो म्हणते.
अम्माची कात्री अजून आहे, पत्र्याच्या डब्यात,
कुठल्या ते मला ठाऊक आहे.

रात्री ताट दाराशी ठेवलं, बाजूला वाटीभर बोरं,
बाजारातली, गुळगुळीत, कलमी.
पहाटे वाटीत बिया होत्या.
अकरा.