भट्टी तर चालूच हाय

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, गुळाच्या अडतीवरच्या माडीवर
माझी दोन टर्मिनलं. खालून वास येतो,
कीबोर्डच्या फटीत मुंग्या होतात.

बाळगोंडा मगदूम नवाला येतात. चप्पल दाराशी,
आणि पहिला प्रश्न, "रात्री तिकडं काय झालं?"
तिकडं म्हणजे शिकागो.
इचलकरंजीच्या पलीकडं फारसं पाहिलं नाही त्यांनी,
पण शिकागो रात्री कुठल्या कुशीवर झोपलं
ते चहाच्या आधी कळावं लागतं.

रात्री तिकडं वायदा पडला होता.
पहाटे टोकियोनं ऐकलं, मग गांधीनगरच्या त्या निफ्टीनं,
आणि सव्वानवाला आपल्याकडं, दार उघडण्याआधीच,
भाव घाबरून बसलेला.

"मोटारवाल्याचे दोन लॉट विक," मगदूम म्हणाले,
"आन् त्या शिरोलीच्या फौंड्रीचे पाच हजार, तोंडी लावायला."
नव्हते त्यांच्याकडं. एकही नव्हता.
मी विकले.

यात चोरी नाही. सकाळी नसलेलं विकायचं,
दुपारी स्वस्तात आणून जागेवर ठेवायचं.
त्यांचे वडील खाली याच अडतीत
रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे,
पण समोर रवा असायचा, रव्यावर माशी असायची.
आता वायदा हा शब्द तेवढा उरलाय.
कुणी कुणाला काय कबूल केलं, ठाऊक नाही;
फेडायची तारीख मात्र पक्की, महिनाअखेर.

अडीचला इलियास शिकलगार आला,
साडेतीनच्या पाळीचा डबा हातात.
कामगार कोट्यातले साठ शेअर,
लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी जपलेले.
"काय झालं आमच्या कारखान्यात?
भट्टी तर चालूच हाय. काल दोनशे ब्लॉक ओतले,
एक बी रिजेक्ट न्हाई."

काय सांगू? की मोटारवाल्याचा वायदा शेअरच्या खाली गेला,
तेव्हा कुठल्याशा यंत्रानं वायदा घेतला, शेअर फुंकला,
मधला फरक खिशात टाकला;
शेअर पडला म्हणून त्याला ब्लॉक पुरवणारे पडले.
वर आमचे पाच हजार. लहान शेअरात पाच हजार म्हणजे
बोळात उलटी घातलेली उसाची ट्रॉली.
सावलीला ओढलं, माणूस घसरला.

मंदीवाला नेहमी खोटा नसतो, हेही सांगायला हवं.
मागं एका साखरवाल्याच्या गोदामात
निम्मी पोती कागदावरच होती,
तेव्हा पहिला वास मगदुमांनाच आला.
शिव्या खाल्ल्या त्यांनी, पण बरोबर निघाले.
आज कसलाच वास नव्हता. गुळाचा सोडून.

थांब, असं मी म्हणायला हवं होतं.
मी म्हणालो, "तुमच्या इच्छेवर आहे."
मागच्या खुर्चीत मगदूम चष्मा पुसत होते.

तीनला दहा कमी. एका टर्मिनलवर साठ विकले,
दुसऱ्यावर पाच हजार परत घेतले.
पडत्या भावाला खालून पहिला हात लावतो
तो मंदीवालाच; त्याला परत घ्यावंच लागतं.
कुणाचे कुणाकडं गेले, ते पडद्यावर दिसत नाही.
दोन्ही स्लिपा मी एकाच टाचणीला लावल्या.

निघताना मगदुमांनी इलियासच्या पाठीवर हात ठेवला,
"चहा घिऊन जा की."
त्यांना ठाऊक होतं की नव्हतं,
मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत भाव
जिथून घसरला होता तिथं येऊन उभा.
कारखान्यात काहीच झालं नव्हतं,
पडताना नाही, चढताना नाही.
इलियासचा फोन आला नाही.

रात्री पंचगंगेच्या पुलावरून येताना
शिरोलीकडचं आभाळ जरा तांबूस दिसलं.
घरी आलो, जेवलो,
आणि शिकागो लावलं.