नाडी

तिसऱ्या घरानंही परत पाठवलं तेव्हा
दुर्गेशनं खिडकीच्या काचेवर मूठ हाणली.
सात टाके. मेडिकलचा वॉर्ड, नागपूरचा मे,
कूलर नुसताच गरम वारा फेकतो.

गजभिये सिस्टर 'शांत हो' म्हणत नाहीत.
त्याची दोन बोटं त्याच्याच मनगटावर ठेवतात.
अंगठा नाही,
अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात.
"मोज बे."
एकशे अठरा.
"राग आहे, राहू दे. पुन्हा मोज."
एकशे सहा.

पाचव्या दिवशी बालगृहाचा फोन.
"पोरगं काय पार्सल आहे का?"
सिस्टर ओरडल्या, ट्रे आदळला,
कापूस सांडला फरशीभर.

तो खाटेवरून उतरला.
"हात द्या, सिस्टर."
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला,
ओठ हलत होते.
"किती?"
"थांबा नं जी,
मिनिट व्हायचाय अजून."