मोरीचे कान

शारजाहून नौशीननं पाठवलेलं खोकं
दापोलीपर्यंत कुरिअरनं आलं,
तिथून हर्णैपर्यंत टमटमच्या टपावर, काथ्यानं आवळून.
आत पांढरा ढोल, सुरमईच्या बर्फपेटीएवढा.
मांजराचा संडास आहे म्हणे.
आपला आपण फिरतो, माती गाळतो,
गोळे खालच्या खणात टाकतो.
बिल्कीस म्हणाली, समोर अख्खी पुळण पडलीय
आणि आपण रेती गोणीनं विकत घेणार.

पण मोरीचा मागचा पाय
शिमग्याच्या आदल्या दिवशी जेटीवर टेम्पोखाली गेला.
उरलेल्या तीन पायांनी दोन मजले उतरायचे,
आणि खाली तोडणकरांचे कुत्रे.
म्हणून यंत्र मोरीत ठेवलं.
मोरी मोरीत जाईना.

चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं बांधली मी.
इंजिन पगार देतं आणि कान कापून घेतं,
हप्त्याहप्त्यानं, पावती न देता.
डावा फिटला.
उजव्यात कायमची भरती, ओहोटी नाहीच.
यंत्र ओरडतं हे मला कळलं बिल्कीसच्या ओठांवरून:
कर्र, कर्र, मग टक्.
खालून तोडणकरबाईंनी झाडूचा दांडा हाणला,
तो तेवढा तळपायाला ऐकू आला.

उघडलं.
खारी हवा शारजाच्या मालालाही सोडत नाही,
चार महिन्यांत स्क्रूंना तांबड्या मिशा.
दात्यांमध्ये मातीचं पीठ, ओल धरून घट्ट,
तव्यावर राहून गेलेल्या घावनासारखं.
दात घासायच्या ब्रशनं दाता-दाता कोरला.
मग हात सवयीनं बोटीच्या ग्रीसच्या डब्यात गेला.
तिथं चुकलो.
मोरीनं एकदाच हुंगलं
आणि जाऊन माझ्या शुक्रवारच्या चपलेवर
आपलं मत नोंदवलं.

सगळं पुन्हा पुसलं, साबणाच्या पाण्यानं.
बिनवासाचं पांढरं ग्रीस आणलं, लावलं
तांदळाच्या कणीएवढं.
ढोल घासतो तिथं जुन्या घोंगडीची पट्टी,
बुडाखाली टायरचे चार तुकडे:
बोट धक्क्याला आपटू नये म्हणून टांगतात ना, तोच टायर.

आता बहिऱ्यानं आवाज मोजायचा कसा?
मोरीला समोर बसवलं. बटण दाबलं.
पहिल्या फेरीला दोन्ही कान मागं, सपाट,
वावटळीत उतरवलेल्या शिडासारखे.
एक स्क्रू अर्धा आटा सैल केला.
दुसरीला डावा उठला, उजवा नाही.
म्हणजे खोट उजव्या चाकात.
चाक काढलं, आसाला पट्टीतलीच एक चिंधी गुंडाळली, बसवलं.
तिसरी, चौथी. मध्ये वीज गेली, चहा झाला.
पुढच्या खेपेला माझी बोटं ढोलाच्या पाठीवर होती.
थरथर होती अजून, पण बारीक,
टोपलीतला मासा शेवटचा हलतो तेवढीच.
मोरीचे कान जागचे हलले नाहीत.
ती पंजा चाटत होती,
मी तिथं नसल्यासारखी.

आता उधाणाच्या दिवशी ग्रीस, हे ठरलेलं.
पंचांग नौशीनच्या यंत्रालाही लागू.
खण एक दिवसाआड.
आणि आतल्या त्या लाल डोळ्यावर मीठ साचतं,
मऊ फडक्यानं पुसायचं, चष्म्याबरोबरच.
नाहीतर मांजर आत आहे की नाही
ते त्याला कळत नाही, आणि ते थांबत नाही.
अशी इंजिनं मी पाहिलीत.

रात्री मोरी उशाशी येते,
तिच्या पंज्याचे चार कण गालाला टोचतात.
म्हणजे जाऊन आली.
मी अंधारात सात मिनिटं मोजतो.
मोरीच्या दारात हिरवा दिवा फिरतो.
बिल्कीस कूस बदलत नाही.

काल जिन्यात तोडणकरबाई भेटल्या.
काहीतरी विचारलं त्यांनी.
मला फक्त ‘बंद पडलं’ एवढं वाचता आलं.
मी हो म्हटलं.