ओटी

पाणी पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
मी साडेअकरापासून जागा.
खोक्यात बर्फ, सहा बाटल्या,
गळ्यात कंत्राटी ओळखपत्र,
त्यावरचा फोटो माझ्यापेक्षा जाड.
बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणी तपासत नाही.

राजव्वा म्याकलच्या नळाला तोटी नाही,
चादरीचा तुकडा बांधलाय,
विणीतल्या मोराचा एक पाय त्यावर शिल्लक.
"पैली घागर सोड," ती म्हणते, "पैली रंगाची."
कोणता रंग, ते पातेल्यात बघून सांगते:
"टावेल. मरून. भायेरदेशी जानार असंल."
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
पाण्यात बुडवून
कारखान्याची ऑर्डर वाचते ती.

तिसरी घागर दिसायला नितळ.
मी नळी भरली, दोन थेंब टाकले.
"ह्ये काय?"
ओटी टेस्ट, मावशी.
ती हसली. "नळाची ओटी भरतूस व्हय?
मग खण-नारळ कुठाय?"

पिवळं व्हायला पाहिजे, मी म्हणालो.
पिवळं म्हणजे औषध इथवर पोचलं.
टॉर्चच्या उजेडात दोघं उकिडवी बसलो,
दूध उतू जायची वाट बघावी तशी.
पलीकडच्या गल्लीत मोटार लागली,
नळाची धार करंगळीएवढी झाली.
नळी होती तशीच.

मग तिनं मला आत नेलं.
चटईवर नातू, वेणू, सहा वर्षांचा.
अंगठ्यानं त्याची पापणी वर केली.
"हितं झालंय बघ," म्हणाली, "तुझं पिवळं."

माझ्या फॉर्मवर दोन रकाने, योग्य आणि अयोग्य.
गेल्या खेपेला मी दुसऱ्यात लिहिलं होतं.
दुसऱ्यात लिहिलं की फेरनमुना,
फेरनमुन्याआधी कुठून कुठे तरी फोन,
फोन झाला की दोन दिवस नाला असा
की त्यात तोंड बघून भांग पाडावा.
मंडळाचे साहेब आले तेही त्याच दोन दिवसांत,
दुपारी, जेवून.
नाल्याचा फोटो काढला,
गल्लीत आले नाहीत, गाडी वळत नव्हती.
जाताना कारखान्यानं त्यांना टॉवेल दिला.
मरून.

मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.
वेळ, ठिकाण, नमुना घेणाऱ्याची सही.
नमुना देणाऱ्यासाठी जागा नसते.

निघताना राजव्वानं पेला पुढं केला.
उकळलेलं, पदरातनं तीनदा गाळलेलं,
पेला राखेनं घासून लख्ख.
"रात्रीचा आलास, कोरडा कसा जाशील?"
माझ्या पिशवीत माझी बाटली होती,
वीस रुपयांची, सील न फोडलेली.
तिचं टोक पिशवीबाहेर दिसत होतं.
तिनं ते बघितलं.
पेला मागे घेतला नाही.

मी तो दोन्ही हातांनी धरला.
पेल्याचा आवाज झाला असेल थोडा,
चटईवरनं वेणू म्हणाला,
"अव्वा, मला बी."