मी पण

वेंगुर्ल्याच्या वाचनालयात, खालच्या फळीवर,
वाळवीचं औषध मारलेल्या कपाटात
तो अजून तसाच उभा आहे. अच्युत.
वय चौदा, पान एकशे बारा,
आईच्या चपला घालून शाळेला निघालेला.
टाचा बाहेर, दीड बोट.

कोणी विचारलं तर सांगतो,
आई मिरजेला गेलीय, मामाकडे. येईल.
वर्गात सांगतो, वाण्याला सांगतो,
पोस्टमनला तर न विचारताच सांगतो,
आणि संध्याकाळी एका पोराचं डोकं फोडतो,
कारण तो एवढंच म्हणाला,
"मिरजेला कुठे?"

मिरज मी पाहिली नव्हती.
बांबोळी माहीत होती.
लावणी आटपली तसा ताप, डोळे हळदीसारखे,
आणि पहाटे जीपच्या मागच्या सीटवर
आडवी घातलेली माझी ताई, सुगंधा.
पाय माझ्या मांडीवर.
घोट्याला शेतातला चिखल वाळून बसलेला,
तो नखाने खरवडत होते मी
सातार्ड्याच्या पुलापर्यंत.
तिथे मला आत्याकडे उतरवलं.
एक घोटा तसाच राहिला.

पुढे एकवीस दिवस मीही सांगत होते:
ताई बांबोळीला आहे. बरी आहे. पेज खाते.
मला कोणी "कुठे?" विचारलं नाही.
सगळ्या गावाला माहीत होतं ना.
बाजारात पारूमावशी बांगडे मोजता मोजता म्हणायची,
"बरी हा मां? मगे बरा झाला,"
आणि वर एक बांगडा जास्तीचा टाकायची.
तो बांगडा मी अजून माफ केलेला नाही.
डोकं फोडायला मला
कोणी मिळालंच नाही.

आई काजूच्या कारखान्यातून यायची,
तेलाने काळी पडलेली बोटं राखेत घोळवत
पाटल्यादारी बसून राहायची.
मी आत, चिमणीच्या उजेडात,
अच्युतबरोबर.

एकशे बारा पानाच्या समासात
पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं:
मी पण.

एवढंच. ण-चा दांडा लांब, खाली ओढलेला.

मला जो राग आला!
कोण हा? कोण ही?
अच्युत माझा होता. त्याच्या चपला मला होत होत्या.
खोडरबराने घासलं, मग थुंकी लावून घासलं,
कागदाची लव निघाली,
शेजारच्या ओळीतलं "येईल" सुद्धा पुसट झालं.

मग मागच्या खिशातलं कार्ड काढलं.
आजगावकर मास्तर.
रेडकर, एस.टी. डेपो.
सौ. धुरी, दाभोली नाका.
फर्नांडिस, कॅम्प.
एक नाव शाई फुटून गेलेलं.
वर्षभर या माणसांच्या मागे डोळे लावून हिंडले.
मास्तर फळा पुसायचे तेव्हा
पुसून झाल्यावरही पुसत राहायचे.
रेडकर गाडी सुटायच्या आधी
रिकाम्या सीटकडे बघून घंटी द्यायचा.
की कंडक्टर असंच बघतात?
फर्नांडिसांच्या दारातला तारा
जूनपर्यंत उतरवलेला नव्हता.
कोणाचं काय कळलं नाही.
पण तेव्हापासून रस्त्यात कोणी चालताना
त्याच्या टाचांकडे बघायची सवय लागली,
ती आज बेचाळिसाव्या वर्षीही आहे.

काल पुस्तक खिडकीशी तिरकं धरलं.
बंदराकडून उजेड येत होता.
शिसं गेलंय, चर आहे.
लिहिणाऱ्याने दाबून लिहिलं होतं,
पान उलटून पाठीमागूनही लागतं बोटाला,
उलट्या अक्षरांत.

ग्रंथपाल म्हणाले, "ह्या आता कोण नेना नाय.
व्हया तर ठेव तुका."
नको म्हटलं. सही केली, तारीख टाकून घेतली.
पंधरा दिवस.

शेवटचं प्रकरण तेव्हा वाचलं नव्हतं,
आताही वाचणार नाही.
तिथे तो रडतो म्हणे, आणि मोकळा होतो.
असेल.
त्याची आई मिरजेला आहे. बरी आहे.
पेज खाते.